नकाशावरचा रणगाडा

एसी खोलीत तापलेल्या वायरींचा वास आला की मला नगरजवळची ती प्रशिक्षणाची खोली आठवते. तिथे जवान सिम्युलेटरवर रणगाडा चालवायला शिकत, आणि तो पडद्यावरचा रणगाडा अधिकाऱ्यांच्या कमांड यंत्रणेच्या नकाशावरही दिसावा म्हणून आम्ही इंजिनिअर कित्येक आठवडे खपत होतो. एका दुपारी चाचणीच्या रणगाड्याला नाव हवं होतं. मदतीला आलेल्या पाथर्डीकडच्या सुभेदारांनी हळूच एक नाव सुचवलं. थोड्याच वेळात पडद्यावर त्या रणगाड्याला गोळा लागला आणि त्याच क्षणी नकाशावरची त्याची निळी खूण काळी पडली. दोन्ही यंत्रणा जुळल्या होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुभेदार मात्र नकाशापाशीच उभे होते. "माझ्या दोस्ताचा रणगाडा हुता या नावाचा," ते म्हणाले. "सरावात पेटला. आतलं कुनीच वाचलं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "ह्यो परत आनता येतो का?" मी बटण दाबलं. खूण निळी झाली, रणगाडा पुन्हा सरकू लागला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बंद करा, साहेब." आता ती यंत्रणा बऱ्याच ठिकाणी चालते, पण चाचणीच्या रणगाड्यांना मी फक्त क्रमांक देतो.