सात मिनिटं सरळ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. बावीस वर्षं जहाजावर काढली, समुद्रातून कुणी एकदाही हाक मारली नाही. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसू आलं तर माझा राग नाही... तुमच्या जागी मीही हसलोच असतो.

मी मूळचा सेलूचा. समुद्राची नोकरी सोडून आता परभणीच्या बाहेर एका खाजगी संस्थेत शिकवतो. परभणीत जहाज कुठून आलं, असं रिक्षावालेसुद्धा विचारतात. जहाज नाही बाबांनो, सिम्युलेटर आहे – पत्र्याच्या शेडमध्ये, जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजसारखी खोली, हातात खरं सुकाणू, समोर अर्धगोल पडद्यावर समुद्र. मी खलाशांना शिकवत नाही. त्यांना जे शिकवणार, त्या इन्स्ट्रक्टरांना शिकवतो. काचेपलीकडे बसून वादळ कधी सोडायचं, इंजिन कधी बंद पाडायचं, आणि सराव संपल्यावर शिकणाऱ्याशी कसं बोलायचं. माझा एक नियम सगळ्यांना पाठ असतो – चूक आपण तोंडानं सांगायची नाही. आधी रिप्ले दाखवायचा, मग एकच प्रश्न विचारायचा, 'इथं तुम्ही काय करत होतात?' आणि गप्प बसायचं. रेकॉर्ड खोटं बोलत नाही, असंही मी वर ऐटीत सांगतो.

या बॅचला तिघं होते. त्यातला मारोती पालमजवळच्या खेड्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्या थोरल्या भावाला, गंगाधरला, जहाजावर मीच चिकटवलं होतं. आणि माझ्याच वॉचमध्ये, म्हणजे जहाज सांभाळायच्या माझ्या पाळीत, एका धुकट सकाळी, तो डेकवरून पाण्यात पडला. सापडला नाही. मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या मायनं एवढंच विचारलं, "जहाज माघारी वळिवलं का लगीच?"

"लगेच वळवलं, माय," मी म्हणालो. "त्यानं वळताना पाहिलं असेल."

लॉगबुकात, जहाजाच्या नोंदवहीतही तसंच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात.

मारोतीला या कोर्सला मीच आणलं. कशासाठी ते कळत नव्हतं असं म्हणवत नाही. पापाला कुठंतरी वाट करून द्यावी लागते.

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, त्याची परीक्षा होती. इन्स्ट्रक्टर तो, आणि ब्रिजवर शिकणारा म्हणून मी. सराव कोणता द्यायचा ते त्यानंच ठरवायचं असतं. त्यानं पडद्यावरच्या समुद्रात माणूस पडल्याचा सराव दिला. अलार्म वाजला तसं मी सुकाणू पूर्ण उजवीकडे फिरवलं, तोंडातून शब्दही न काढता. बाकीचे दोघं दारात उभे राहून बघत होते. जहाज वळलं, पाण्यातला माणूस सापडला. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग चौघं पडद्यासमोर बसलो आणि मारोतीनं रिप्ले लावला.

पडद्यावर धुकं होतं. सराव तर लख्ख उन्हात झाला होता. अलार्म वाजला... आणि जहाज सरळ चाललं. सुकाणूचा काटा शून्यावर. एक मिनिट, दोन मिनिटं. पाण्यातला ठिपका मागं मागं राहत गेला. स्पीकरमधून माझा आवाज आला – तरुणपणचा, घाबरलेला – "रुको. पहले कॅप्टन को पूछता हूँ." सातव्या मिनिटाला जहाज वळलं. तोवर ठिपका नव्हता.

ते शब्द त्या सकाळी दोघांनीच ऐकले होते, मी आणि सुकाणूवरच्या खलाशानं. तो खलाशी केव्हाच वारला. कॅप्टन महातापट होता, न विचारता जहाज वळवलं की शिव्या. म्हणून मी फोन लावला, तो झोपेतून उठेपर्यंत थांबलो, आणि नंतर लॉगबुकात वळवल्याची वेळ सात मिनिटं मागं सरकवली.

"सर, फाइल बिघडली वाटतं," दोघांतला एक म्हणाला.

मारोती माझ्याकडं बघत होता. आवाज न चढवता, मी शिकवलं होतं तसंच त्यानं विचारलं, "सर, या सात मिन्टांत तुमी काय करायलते?"

आणि गप्प बसला.

मी सगळं सांगितलं. लाज वाटत होती, तरी एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "वरडला असंल का त्यो?"

"ओरडला. त्यामुळंच आम्हाला कळलं."

संध्याकाळी टेक्निशियननं तीच फाइल उघडली. लख्ख ऊन. अलार्म वाजताच जहाज वळलेलं. आवाज नाहीच, कारण ब्रिजवरचा माईक त्या दिवशी लावलेलाच नव्हता. पण आम्ही चौघांनी पाहिलं आणि ऐकलं, ते दोघं आजही तेच सांगतात. मारोतीनं काही केलं असेल, असं काहींना वाटेल. मलाही क्षणभर वाटलं. पण ते शब्द त्याला कोण सांगणार?

परीक्षेत मी त्याला पास केलं. कागद घेताना तो म्हणाला, "माय अजून म्हणती, लेकराला जहाज माघारी येताना तर दिसलं. तेवढ्यावरच जगायली ती. म्या न्हाई सांगणार तिला. तुमीच चला."

उद्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं पालमला जाणार आहोत. त्या रिप्लेचं कारण मला सापडलेलं नाही, सापडेल असंही वाटत नाही. रात्रभर मी एकाच गोष्टीची तयारी करतोय. गंगाधरनं जहाज वळताना पाहिलं ना, असं माय विचारणार. आणि मला तिच्यासमोर बसून नाही म्हणायचंय.