वस्तीवरचा ओव्हन

आई होती तोवर माझ्या वडिलांनी स्वतःचा चहासुद्धा कधी गाळून घेतला नव्हता. ती गेल्यावर दोन वर्षांनी याच माणसाने राहुरीच्या एका दुकानातून विजेवर चालणारा, आत पंखा असलेला ओव्हन विकत आणला आणि मला फोनवर सांगितलं, "लई भारी वस्तू हाय." मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही.

ओव्हन या वस्तूबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट. सावेडीत आम्ही राहतो त्या इमारतीत घरोघरी ओव्हन आहे आणि घरोघरी त्याच्या पोटात तवे, झाकणं आणि लग्नात आलेले स्टीलचे डबे आहेत. पहिल्या महिन्यात केक होतो आणि त्याचा फोटो नातेवाइकांत फिरतो. दुसऱ्या महिन्यात बिस्किटं होतात आणि ती शेजाऱ्यांना संपवावी लागतात. तिसऱ्या महिन्यात ओव्हनवर झालरीचं कापड येतं, त्यावर फुलदाणी येते, आणि विषय संपतो.

आमच्याकडे होता तो गॅसचा. तो मीच हट्टाने घेतला होता, कारण मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि उष्णतेतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. गॅस जळताना थोडी वाफ तयार होते, त्यामुळे आतला पदार्थ कोरडा पडत नाही. विजेच्या ओव्हनमधली हवा मुळात कोरडी, त्यात पंखा ती गरगर फिरवणार, म्हणजे बाहेरून खरपूस आणि आतून भुस्सा. हे मी बायकोला आणि जिन्यात भेटेल त्याला ऐकवायचो. बायको एकदा म्हणाली, "मग एकदा करून दाखवा की." मी काही दाखवलं नाही. उंटावरून शेळ्या हाकण्यात जी मजा आहे ती शेळ्यांमागे धावण्यात नाही.

वडील देवळाली प्रवराजवळ वस्तीवर एकटे राहतात. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला पाट. आईनंतर त्यांना सावेडीला आणायचं असं आम्हा दोघा भावांचं ठरलं होतं, पण ते हलायला तयार नव्हते. शेवटी पुण्याच्या थोरल्याने अट घातली, की राहा, पण एकदा जरी काही गफलत झाली तर त्याच दिवशी सामान बांधायचं. वडील "व्हय" म्हणाले. त्यानंतर ते पिठलं, भात, भाकरी असं सगळं शिकले. भाकरी पृथ्वीसारखी गोल झाली नाही, पण ती त्यांनी खाल्ली आणि कुणाकडे तक्रार केली नाही.

आणि मग हा ओव्हन. मी पुढच्याच रविवारी बघायला गेलो, म्हणजे खरं सांगायचं तर नावं ठेवायला गेलो. त्यांनी बट्टी लावली होती. बट्टी म्हणजे गोवऱ्यांच्या आरात पुरायची, वरची राख झटकायची आणि तुपात बुडवायची वस्तू. ती काचेच्या दाराआड दिव्याच्या उजेडात बसलेली बघून मला त्या कणकेची कीव आली. त्यात वीज गेली. या ओव्हनचा टायमर स्प्रिंगवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी तो आपला फिरतच राहिला आणि वेळ झाल्यावर टिंग करून मोकळा झाला. बट्ट्या आत कच्च्या.

"बघा," मी म्हणालो, "कच्चं असलं तरी वाजतंय. काय अक्कल आहे या यंत्राला!"

"वाजू दे की," वडील म्हणाले. "वीज आली की परत लावू."

वस्तीवरच्या विजेबद्दल तर बोलायलाच नको. कधी सकाळी येते, कधी रात्री, आणि आसपासच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणायला लागतो. अशा ठिकाणी विजेवर स्वयंपाक करायचा म्हणजे महावितरणच्या मर्जीने जेवायचं. हे मी दर रविवारी नव्या शब्दांत सांगत गेलो. वांगं भाजलं तर म्हणालो, जाळ लागला नाही ते कसलं भरीत? रताळी भाजली तर म्हणालो, सालं कागदासारखी झाली. पंखा असला की तापमान थोडं कमी ठेवायचं असतं, हे माहितीपुस्तिकेत होतं, पण पुस्तिका इंग्रजीत. वडिलांनी ते चार बट्ट्या करपवून स्वतःच शोधून काढलं. पाचव्या रविवारी बट्टी खरोखर चांगली झाली होती. मी तीन खाल्ल्या, वर वरण ओतून घेतलं आणि म्हणालो, धुराचा वास मात्र नाही.

पुढच्या काही महिन्यांत आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत आली. गॅसची शेगडी फडक्यात गुंडाळून ठेवलेली आणि सिलिंडर महिनोन्‌महिने संपत नव्हता. चहाही ओव्हनमध्येच, स्टीलच्या पेल्यात पाणी तापवून. मी याला कंजुषी म्हणालो. नंतर म्हातारपणचा छंद म्हणालो. तेही ते ऐकून घेत होते.

मग मी माझ्या मते फार मोठं काम केलं. आमचा गॅसचा ओव्हन तवे-डबे काढून रिकामा केला, डिकीत घातला आणि वस्तीवर नेऊन बसवला. विजेचा उचलून गाडीत ठेवला. वडील अंगणात उभे होते.

"त्यो ऱ्हाऊ दे ना. काय तुझं खातोय का?"

"दादा, तुम्हाला कळत नाही. गॅस कधीही चांगला. वीज असो नसो, जेवण वेळेवर."

त्यांनी नव्या ओव्हनचं दार उघडून आत पाहिलं. मग विचारलं, "ह्यो आपला आपन बंद हुतो का?"

मी हसलो. मुलांपुढे हसतो तसा. "गॅस आपला आपण कसा बंद होईल? बटण फिरवायचं, झालं."

"व्हय व्हय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गेलो तर बांधावर शेजारच्या वस्तीवरच्या काकू भेटल्या. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. "दादांचा कसला उपास हाय रं ह्यो?" त्यांनी विचारलं. "आठ दिस झालं. भाकर घेऊन गेले तर म्हनत्यात, उपास हाय."

माझ्या वडिलांनी एकादशीसुद्धा कधी धरलेली नाही. मी घरात गेलो. नवा ओव्हन मी ठेवला तसाच, आत एक डागही नाही. शेगडी फडक्यात. ओट्यावर शेंगदाणे, गूळ, फरसाणाची पिशवी आणि बिस्किटांचे रिकामे कागद. वडील खाटेवर बसले होते आणि त्यांचं तोंड उतरलं होतं.

मी चिडलो. एवढं सगळं आणून दिलं तरी हट्ट म्हणून उपाशी राहायचं, हे काय पोरखेळ आहे, असं बरंच बोललो. त्यांनी माझं संपू दिलं.

"मी गॅस पेटवत न्हाई," ते म्हणाले. "दोनदा दूध करपलं. ते काय, कुनाचं बी करपतं. पर उन्हाळ्यात एकदा चहा ठेवला आन पाटाला पानी बघाया गेलो. चहा उतू गेला, जाळ इझला, गॅस तसाच चालू. परत आलो तर घरभर वास. आन मला ध्यानातच न्हाई, की आपन काय ठेवलं हुतं. मला वाटलं, मागं कोन येऊन गेलं घरात?"

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"मंग ह्यो इजेचा आनला. मी इसरलो तरी ह्यो बंद हुतो. तुला सांगितलं असतं तर तू थोरल्याला सांगितलं असतं, आन आज मी तुमच्या गॅलरीत बसलो असतो. शेजारची भाकर घेतली असती तर तिनं बी इचारलं असतं, चूल का पेटत न्हाई." मग त्यांनी खाली बघत विचारलं, "सांगनार का त्याला?"

मला स्वतःची अक्षरशः शिसारी आली. वीस वर्षं मी मुलांना उष्णता कशी वाहते ते शिकवतो. घरात चूल का थंड आहे, हे मला शेजारच्या बाईने विचारेपर्यंत दिसलं नव्हतं. कोरडी हवा, ओली हवा, खरपूस, भुस्सा, यातला एकही शब्द त्या माणसाच्या कामाचा नव्हता. त्याला फक्त स्वतःच्या घरात राहायचं होतं, आणि त्यासाठी त्याने माझ्यापेक्षा शंभरपट विचार करून वस्तू निवडली होती. मी ती उचलून नेली आणि त्याला आठ दिवस उपाशी ठेवलं.

काकूंकडून भाकरी आणि कोरड्यास मागून आणलं आणि त्यांना समोर बसवून खायला लावलं. मग त्याच दिवशी सावेडीला जाऊन विजेचा ओव्हन परत आणला. सोबत चहाच्या पाण्यासाठी आपोआप बंद होणारी किटली घेतली. सिलिंडर आणि गॅसचा ओव्हन डिकीत घातला. शेगडीही उचलणार होतो, तर वडील म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे, तुझ्या आईची हाय." ती ठेवली. निघताना काकूंना रोज एक चक्कर मारायला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, एकटे आहेत म्हणून.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. त्याचा फोन दर रविवारी येतो. मी गॅसचा ओव्हन परत आणल्याचं त्याला माझ्या बायकोकडून कळलं होतं.

"काय रे प्राध्यापक," तो म्हणाला, "गॅस कधीही चांगला ना? वाफ असते ना त्यात?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "विजेचाच बरा. एकसारखं भाजतो."

तो पोट धरून हसला. थोरल्यापुढे मी आजवर कधी चुकलो म्हणालो नव्हतो, त्यामुळे त्याला ती गोष्ट फारच आवडली. पुण्यातल्या दोन-तीन नातेवाइकांना त्याने ती सांगितली आणि त्यांनीही मला फोन करून चिडवलं. मी चिडवून घेतलं. त्याच फोनवर हसू आवरल्यावर थोरल्याने विचारलं होतं, "बाकी दादा ठीक ना? काही गफलत वगैरे?"

"काही नाही," मी म्हणालो.

आता मी वडिलांना रोज संध्याकाळी फोन करतो. काय केलं, काय खाल्लं, विचारतो. ते सविस्तर सांगतात, किती वेळ लावलं, वीज किती वाजता आली, वरून रंग कसा आला. परवा म्हणाले, आज वांगं भाजलं, दाण्याचं कूट घालून भरीत केलं, लई झ्याक झालं. मग पाटाच्या पाण्याचं थोडं बोलले. मग म्हणाले, अरे, सांगायचं ऱ्हायलं, आज वांगं भाजलं, दाण्याचं कूट घालून भरीत केलं.

मी दुसऱ्यांदाही विचारलं, "हो का? कसं झालं?"