गावाने न दिलेला होकार

रिया, निखिल — हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही. आजोबा होते तेव्हा त्यांनाही नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, सगळ्या देशांनी मिळून जगाचे प्रश्न सोडवायचे म्हणजे काय करायचं, आजी, तू तर पाहिलंयस ना? मी नेहमीचीच गोष्ट सांगितली. एटापल्लीच्या पुढच्या एका गावात तीन देशांची माणसं आली, जंगल राखायचं म्हणून आमच्यासारखीच मांडी घालून बसली, आणि त्यांचं गावाला, गावाचं त्यांना समजावून सांगायला तुमची आजी. फोटोही पाठवला. तिथेच थांबले. का थांबले?

क्रमाने लिहिते. मला तसंच जमतं.

पाहुणे चांगले होते, हे आधी लिहिते. गावामागची टेकडी काही वर्षं राखावी — आग नाही, गुरं नाहीत — म्हणजे झाडं वाढतील, सगळ्या जगाची हवा थोडी सुधारेल, आणि त्यांचे देश गावाला मदत करतील. मी नीट सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे त्यायच्या गाड्यायचा धूर आमच्या झाडानं गिळाचा. झाडाचं पोट नाई दुखणार का, बाई?" सगळे हसले. पाहुण्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, गंमत करतायत. तिथूनच सुरू झालं असेल का?

मग त्यांनी विचारलं, गावाची संमती आहे का. मी गावाला विचारलं. कुणी बोललं नाही.

त्या गप्प बसण्याचा अर्थ मला माहीत होता. आजोबांच्या नोकरीमुळे त्या भागात मी कितीतरी वर्षं काढली होती. तिथे पहिल्या बैठकीत कुणी उत्तर देत नाही. घरी जातात, न आलेल्यांशी बोलतात, पुन्हा बसतात. तोवर गप्प म्हणजे — अजून नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पाहुणे तर आधीच म्हणाले होते, लागलं तर पुन्हा येऊ.

पण सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या लांबून आलेली माणसं, आणि गाव असं मुकं — मला लाज वाटली. नुसती लाजच होती का? सकाळपासून माझ्या इंग्रजीचं कौतुक चाललं होतं. दिवसाचा शेवटही मला तसाच हवा होता. मी इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांची संमती आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ते वाजवतात म्हणून गावानेही वाजवल्या.

टेकडीला तारेचं कुंपण पडलं. गावातल्या सोमारीबाईंची मोहाची झाडं आत गेली. त्या माझ्याच वयाच्या, एकट्या. तिथे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. फुलं पडायच्या आधी खालचा पाला जाळून जागा साफ करतात, मग फुलं वेचून, वाळवून विकतात. त्यांचं घर त्यावरच चालायचं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा त्या कुंपणापाशी उभ्या होत्या. आत पाल्यावर फुलं सडत पडलेली. होकार मी कळवला हे त्यांना वनखात्याच्या कचेरीत कळलं होतं.

"बाई, तुमी काऊन हो म्हटलं? आमी त अजून बसलोच नव्हतो."

कुंपण काढा म्हणून मी पाहुण्यांच्या देशांना पत्रं लिहिली. एका देशाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने इथल्या कचेरीकडे. कचेरी म्हणाली, आम्ही काय करणार, गावाचाच होकार आहे. आणि मी? एकाही पत्रात मी लिहिलं नाही, की तो होकार माझा होता. आता ते पाहुणे कुठे आहेत, कोण जाणे. पत्रांना उत्तरं येत नाहीत.

यंदा मोहाच्या दिवसांत पुन्हा गेले. सोमारीबाईंनी बाज टाकली, पाणी दिलं. मग त्यांना सगळं सांगितलं — त्या दिवशी मला अर्थ माहीत होता, तरी मी हो म्हटलं.

त्या ऐकून गप्प बसल्या. या वेळी मी त्या गप्प बसण्याचा होकार केला नाही. मग उठून गाडीत बसले.