जिनचा ब्लोअर आणि आक्कांचं घर

"आधी बंद करा ते," एवढंच शालिनीवहिनी बोलल्या आणि पदर नाकाला लावून ओसरीवर गेल्या. तिथे खांबाला धरून खोकत बसल्या. मी बटण बंद केलं. मुंबईहून मागवलेला, चाकांवर फिरणारा नवा कोरा व्हॅक्यूम क्लीनर बैठकीच्या मधोमध उभा होता आणि घरातलं कोणी त्याच्याकडे बघायला तयार नव्हतं.

मी तेव्हा श्रीरामपूरजवळच्या एका जिनिंग मिलमध्ये मेंटेनन्स बघत होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची. मिलचे मालक आबा, मूळचे पुणतांब्याचे बागाईतदार. त्यांचा बंगला मिलच्या कंपाउंडला लागूनच होता. दुष्काळाचं साल. कापूस आलाच नव्हता, मिल बंद होती आणि मी बंद मशीनना ग्रीस लावत दिवस काढत होतो. अशात आबांचा मुलगा वसंतराव मला म्हणाला, पवार, आमच्या घरातलं एक काम करा.

शालिनीवहिनी त्याची बायको. त्यांना दमा होता आणि नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा धुळीचा दमा आहे. एरवी घर रोज ओल्या फडक्याने पुसून भागलं असतं. पण विहिरी आटलेल्या, टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना, तिथे फरशा कोण पुसणार? बाहेर दिवसभर फुफाटा उडायचा आणि संध्याकाळपर्यंत गाद्या, सतरंज्या, पडदे सगळं मातीच्या रंगाचं व्हायचं. वहिनी वर्षातले निम्मे दिवस माहेरी, अकोल्याला काढत होत्या. आता त्यांचा भाऊ म्हणत होता, तिला इथेच राहू द्या, उगाच जिवाशी खेळ नको. वसंतरावाचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून ते मुंबईचं मशीन आलं. ते मागवलं तेव्हाच मी नाक मुरडलं होतं, पण माझं ऐकतो कोण! त्या दिवशी खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. वसंतरावाला मी मशीनच्या मागे उभं केलं आणि पुन्हा चालू केलं. पुढून मशीन धूळ ओढत होतं आणि मागच्या जाळीतून पिठासारखी बारीक धूळ उन्हात भुरभुर बाहेर येत होती. आतल्या कापडी पिशवीत खडे आणि केस अडकतात. दम लावणारी बारीक धूळ आरपार जाते आणि नाकासमोर उडते.

"मग काय करायचं?" वसंतराव म्हणाला.

मी म्हणालो, "मशीन घरात ठेवायचंच नाही. आपल्या जिनमध्ये कापूस कसा ओढतो, तशी घरातली धूळ ओढायची. ब्लोअर बाहेर, नुसती नळी आत."

आबांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले. घर हाय का जिन हाय, म्हणाले. त्यांचं म्हणणं होतं, पिढ्यान् पिढ्या बाया झाडतात, कुणाला काही झालं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी दारात आल्या. सासऱ्यांसमोर त्या सहसा बोलत नसत.

"मामंजी, मला माहेरी राहायचं नाही. तिथे रोज कुणीतरी विचारतं, कधी जाणार. मला माझ्या घरात श्वास घेता यावा, एवढंच मागते."

आबा माझ्याकडे वळले. म्हणाले, करा काय करायचं ते, पण हे शेवटचं. जमलं न्हाई तर पोरीला अकोल्याला सोडून येऊ, तिचे हाल करायचे न्हाईत.

झालं. भिंती फोडायच्या म्हणून वहिनींना तेवढ्यापुरतं अकोल्याला पाठवलं आणि मी कामाला लागलो. जिनमधला एक जुना ब्लोअर काढला. ब्लोअर म्हणजे पत्र्याच्या डब्यात गरगर फिरणारा मोठा पंखा, एका तोंडाने हवा ओढतो, दुसऱ्याने फेकतो. मिलच्या टिनकामवाल्याकडून पत्र्याचा पाइप करून घेतला आणि तो बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीने फिरवला. प्रत्येक खोलीत भिंतीला भोक पाडून एक तोंड काढलं, त्यावर झाकण. ज्या खोलीत काम असेल तिथलं झाकण उघडायचं, लवचिक होज पाइप खुपसायचा आणि फिरवायचा. पाइपची वळणं लांब, सावकाश वळणारी ठेवली. काटकोनात वळवलं की तिथे केसांचा बोळा अडकणारच. ब्लोअरच्या आधी एक ड्रम बसवला. त्यात हवा गोल फिरते आणि जड धूळ तळाला बसते. उरलेली ब्लोअरमधून निघून बांधापलीकडे शेतात.

पहिल्या ट्रायलला पार पचका झाला. आवाज विमानाचा आणि ओढ मात्र एवढी की सतरंजीवरची काडी हलेना. आबा नुसते हसले. ते हसणं मला चांगलंच झोंबलं. मी उदबत्ती पेटवली आणि पाइपच्या एकेका जोडावर धरत गेलो. जिथे धूर आत ओढला जाई तिथे गळती. असले जोड बरेच निघाले. सगळे झाळून घेतले, झाकणांना ट्रकच्या ट्यूबचं रबर लावलं, पंख्याची पुली बदलून स्पीड वाढवला. आता होज हाताला लावला की तळवा चिकटून बसायला लागला.

एवढ्यात आक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, तक्रार घेऊन आल्या. ब्लोअर गोठ्याच्या मागे होता, त्या आवाजाने म्हैस पान्हा चोरायला लागली होती. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ब्लोअर उचलून कंपाउंडच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, पाइप वाढवला, जोड पुन्हा तपासले. कंबर मोडली माझी. पण आता माघार घ्यायची नाही, हे ठरलं होतं.

मशीन चालू झालं त्या दिवशी आक्कांनी ड्रमला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. चालवायला मी त्यांनाच शिकवलं, कारण घरातलं झाडणं त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. वसंतराव अकोल्याला जाऊन वहिनींना घेऊन आला.

आठवडाभरात निरोप आला, वहिनींना पुन्हा दम लागलाय. तोही रोज सकाळी. मी गेलो तर आबांचा चेहरा उतरलेला. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

"पवार, तुमी लई केलंत," ते म्हणाले. "आता गुंडाळा. रविवारी तिला सोडून येतो."

मी म्हणालो, रविवारपर्यंतचा वेळ माझा आहे.

ओढ तपासली, चोख होती. जोड घट्ट होते. मग ड्रम उघडला आणि चक्रावलो. तळाला मूठभर माती. बाहेर झाडाच्या पानांवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ, घरात बाई गुदमरतेय, मशीन जोरात ओढतंय आणि ड्रम रिकामा! हे गणित काही केल्या जुळेना. मशीनमध्ये दोष नाही तर दोष वापरात, एवढंच शिल्लक राहत होतं. मशीन रोज किती वाजता लावता, हे आक्कांना विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्याच्या बऱ्याच आधी बंगल्यावर पोचलो.

माजघरातून खर्रखर्र आवाज येत होता. डोकावलो तर आक्का पदर खोचून, केरसुणी घेऊन सगळं घर झाडत होत्या. सतरंज्यासुद्धा. खोलीत धुळीचा लोट. सून अजून पलीकडच्या खोलीत झोपलेली, दार नुसतं लोटलेलं.

"आक्का, हे काय? मशीन आहे ना?"

"आता लावते की. आधी घर झाडून घेते, मंग लावते."

"आधी का झाडता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच अक्कल नाही. "एवढं मोलाचं यंत्र. नारळ फोडलाय त्याला. त्येच्या तोंडात घरातला केर घालू व्हय? आधी झाडून चकचकीत करते, मंग तेवढं फिरवून घेते."

संताप आला होता, खोटं कशाला सांगू. पण बाईंचा भाव बघून तो घशातच राहिला. मी खाली टेकलो.

"आक्का, तुमच्या दारात आलेलं माणूस कधी उपाशी गेलंय का?"

"न्हाई. आजवर तरी न्हाई."

"मग हे यंत्र रोज उपाशी का ठेवता? धूळ हेच त्याचं जेवण. त्याच्या ताटातलं तुम्ही केरसुणीने हवेत उडवता, आणि ते जातं आत, वहिनींच्या छातीत."

पलीकडच्या खोलीतून खोकला सुरू झाला. आक्का दाराकडे बघत राहिल्या. हातातली केरसुणी हळूच भिंतीकडेला आडवी ठेवली.

"म्हंजी तिचा दम माझ्या हातानं लागत हुता?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि सुनेच्या खोलीचं दार गच्च लावून घेतलं. मग होज आणला आणि न झाडलेल्या बैठकीत एकट्याच फिरवत राहिल्या, गादीच्या घड्यांतून, सतरंजीखालून, पार कोपऱ्याकोपऱ्यातून. मी बाहेर ड्रमपाशी उभा होतो. पत्र्यावर माती आदळल्याचा सरसर आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

रविवारी अकोल्याला कुणी गेलं नाही. वहिनींचा दमा पुरता गेला असं नाही, तो आयुष्यभर राहिला. पण त्या त्याच घरात राहिल्या, आणि आक्का आल्यागेल्याला ड्रम उघडून दाखवायच्या, बघा, आज किती जेवलं.

पुढे अशी आणखी काही कामं केली. लोक मला ब्लोअर कोणता, पाइप कुठून, असं विचारायचे. मी ड्रॉइंगचा कागद काढायचोच नाही. आधी विचारायचो, घर कोण झाडतं? तिच्याशी बोलून झालं की मग भिंत मोजायची.