गोळ्यांवर लावलेली कुकरची रिंग

घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही. लिहिताना मात्र शंकरराव असंच लिहिते, नाहीतर वहीत नुसतं ‘हे, हे’ होतं.

शंकरराव एकतीस वर्षं दौंडला रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढतात. त्यांच्या कामाचा नियम असा, की पुढच्या स्टेशनातल्यानं ‘लाइन क्लियर’ म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही. नुसतं तोंडी म्हणून भागत नाही. म्हणणाऱ्यानं दोन आकडी नंबर द्यायचा, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा आणि रजिस्टरला वेळेसकट लिहायचा. लाइन अडलेली असली, की लिव्हरला लोखंडी कडं अडकवतात. त्याला कॉलर म्हणतात. कुणी विसरून हात घातला तरी लिव्हर हलू नये म्हणून.

हा माणूस कॉलनीतल्या घरीही असाच. मोरीकडं जायच्या आधी दारात उभं राहून “मोरी क्लियर?” विचारणार, आणि मी “क्लियर” म्हणेपर्यंत टॉवेल खांद्यावर घेऊन तिथंच. आमच्या लग्नात पंचशील घेताना भन्तेजींच्या प्रत्येक ओळीनंतर हे ती ओळ म्हणायचे आणि शेवटी “बरोबर” असं जोडायचे. नोकरीला लागून तेव्हा वर्षच झालं होतं. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा फार श्रद्धाळू आहे.

दोन हजार साली न्हावऱ्याला भावाकडं कांदा निवडताना माझ्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. पुण्याला नेलं. हृदयाच्या एका नळीत अडथळा निघाला. गोळ्यांवर भागलं, पण तेव्हापासून मी जिना चढताना शंकरराव मागून हात धरून येतात, रिकाम्या डब्याला धक्का देणाऱ्या इंजिनासारखे.

पुढं एकोणपन्नासाव्या वर्षी पाळी गेली आणि वाफा आल्या. बसल्या बसल्या पोटातून आग उठायची, कानापर्यंत जायची, पोलकं भिजायचं, छाती धडधडायची. सकाळी वंदनेला बसले की ‘बुद्धं सरणं’ म्हणेपर्यंत ठीक, ‘संघं’ला पोचेपर्यंत मी उठून खिडकीत. आमच्या विहारात पौर्णिमेला गाथा वाचायचं काम बारा वर्षं माझ्याकडं आहे. त्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार दोनच्या, मी वाचन अर्ध्यात सोडून उठले. पहिल्यांदाच.

दौंडच्या बाई डॉक्टरांनी तपासून हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, “महिन्याभरात वाफा थांबतील. पण तुमचं हृदयाचं आहे. शिरूरच्या डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले की सुरू करा.”

हृदयाचे डॉक्टर पुण्याहून दर गुरुवारी शिरूरला येतात. आम्ही एसटीनं गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली. “हे बायकांचं औषध आहे. बाई म्हणत असतील तर माझी हरकत नाही.”

“म्हंजी तुमच्याकडनं लाइन क्लियर?” शंकररावांनी विचारलं.

“बाईंनी जबाबदारी घेतली तर.”

परत दौंड. बाई म्हणाल्या, जबाबदारी हृदयाची म्हणजे त्यांची, त्यांनी लेखी द्यावं. परत शिरूर. त्यांनी लेखी दिलं, ‘स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने.’ परत दौंड. बाईंनी त्याखाली लिहिलं, ‘हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने.’ कागदाला जागा संपली, तेव्हा शंकररावांनी मागं दुसरा चिकटवला.

शिरूरच्या तिसऱ्या खेपेला त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडं नंबरच मागितला.

“कसला नंबर, शंकरराव?”

“दोन आकडी. कुठलाबी चालतोय. तोंडी व्हय म्हननारा मानूस उद्या न्हाई म्हनतो. नंबर दिला की माघार न्हाई.”

बाहेर तीस पेशंट खोळंबले होते. डॉक्टर म्हणाले, “चार.”

“दोन आकडी, साहेब.”

“शून्य चार. पण बाईंनी हो म्हटलं तरच हं.”

शंकररावांनी पेनाला टोपण लावलं. “‘तर’ आला की ती लाइन क्लियर न्हवं.”

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी कुकरच्या झाकणातली रबरी रिंग काढली आणि आधीच आणून ठेवलेल्या गोळ्यांच्या खोक्याला दोन वेढे देऊन अडकवली. खोकं तथागतांच्या मूर्तीशेजारी फळीवर ठेवलं.

“अहो, हे काय?”

“कॉलर. दोन्हीकडनं क्लियर येईस्तवर ह्याला हात लावायचा न्हाई.”

“आन् डाळ?”

“डाळ पातेल्यात शिजती.”

डाळ पातेल्यात शिजायला तास लागतो. उन्हाळा तोंडावर आलेला. मी स्टोपुढं तासभर उभी, डाळीची वाफ वेगळी आणि माझी वेगळी. वाफांच्या औषधापायी माझ्या वाफा वाढल्या, असं पाहिलेलं दुसरं माणूस मला ठाऊक नाही.

शेजारच्या सरदारबी ओला पंचा घेऊन यायच्या आणि माझ्या मानेवर टाकायच्या. त्यांचे मालक बद्रुद्दीनभाई रेल्वेतच फिटर, त्यामुळं त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. फळीवरचं खोकं बघून त्या म्हणाल्या, “ललिताबाई, तुमच्या घरवाल्यानं तुमची मालगाडी केली. सायडिंगला टाकली आन् म्हने, बस तिथंच.”

“काळजीपोटी करतात.”

“ते व्हय. पन मालगाडीला कुनी इचारतंय का, बये तुला जायाचं कुठं हाय?”

हे माझ्या मनाला लागलं. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा “झोप लागते का?” हे शंकररावांकडं बघून विचारत, आणि शंकरराव माझ्या वहीत बघून सांगत. कारण माझ्या रोजच्या वहीचं त्यांनी रजिस्टर केलं होतं. मी वंदनेनंतर दोन ओळी लिहायची, त्याखाली त्यांच्या अक्षरात: ‘१०.०५ वाफ सुरू. १०.१२ गेली. डाऊन.’ डाऊन म्हणजे डोक्याकडून पायाकडं. उलट चढली तर अप. केबिनला ड्यूटीवर असले की माहिती संध्याकाळी माझ्याकडून घ्यायचे, आणि मी खोटं बोलत नाही हे त्यांना पक्कं माहीत. त्यामुळं एकही सुटायची नाही.

वैशाख पौर्णिमेला मी ठरवून वाचायला बसले. पांढरं सुती पातळ, मानेवर सरदारबींचा ओला पंचा. निम्म्यावर आले आणि आग उठली. दात आवळून वाचत राहिले. आणि पुरुषांच्या बाजूनं शंकररावांचा आवाज आला, केबिनमधल्यासारखा खणखणीत:

“अकरा वीस.”

भन्तेजी थांबले. सगळं विहार माझ्याकडं बघायला लागलं. दोन-तीन जणांनी आपापली घड्याळं लावून घेतली. मी पुस्तक मिटलं.

पुढच्या गुरुवारी शंकरराव ड्यूटीवर गेल्यावर मी वही पिशवीत घातली आणि एकटीच शिरूरची एसटी पकडली.

डॉक्टरांनी आधी माझ्या मागं पाहिलं. “शंकरराव?”

“आज मी आलेय. डॉक्टर, बाई तुमच्याकडं बघतात, तुम्ही बाईंकडं. मला एवढंच सांगा, ह्या गोळीनं माझ्या छातीचं काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे का?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“खरं सांगू? नाही. आधी आम्हाला वाटायचं, ही हृदयाला चांगलीच. आता ज्यांना आधीपासून त्रास आहे, त्यांच्यात तसं दिसत नाही. पहिल्या वर्षात उलटच झालं, असंही वाचलंय. रक्तात गाठी होण्याचाही धोका आहे.”

“मग चार महिने हे का नाही सांगितलं?”

“शंकरराव हो का नाही, तेवढंच विचारायचे. आणि नंबर मागायचे.” ते थोडे हसले. “तुम्हाला किती त्रास होतोय, हे मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. सांगा आता.”

सांगायला म्हणून मी वही उघडली. जानेवारीत दिवसाला नऊ-दहा वाफा होत्या. एप्रिलात सहा. ह्या आठवड्यात दिवसाला चार, पौर्णिमेला त्यातली एक विहारात. आम्ही दौंड-शिरूर करत होतो, तोवर त्या आपल्या आपण कमी व्हायला लागल्या होत्या. दुपारचा चहा मी सोडला होता, पंचा होता, तेही असेल.

“एवढं मी सोसू शकते,” मी म्हणाले. “छातीचं भ्या घेऊन वंदनेला बसता येत नाही. गोळी नको.”

“मीही तेच म्हणेन,” डॉक्टर म्हणाले. ह्या वेळी पुढं ‘पण’ नव्हतं.

एसटीत मी वही पुन्हा चाळली. वेळा मी रोज बघायची, शेऱ्याचा रकाना कधी वाचला नव्हता. चौदा मार्चला तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘१६.०५ वाफ. १६.११ गेली. हात धरला, गार लागला. मला भीती वाटली. हे नियमात बसत नाही, तरी लिहिले.’

चौफुला येईपर्यंत मी तेच पान उघडं ठेवलं होतं.

शंकरराव घरी आले, तेव्हा मी फळीपुढं उभी राहून खोक्याची रिंग काढत होते. ते दारातच थबकले.

“क्लियर मिळाली?”

“नाही. गाडी रद्द.”

“कुणी केली?”

“मी.”

 त्यांनी चपला काढल्या, वही घेतली, टोपण उघडलं. “नंबर?”

“एकोणपन्नास,” मी म्हणाले. माझं वय.

“चार, नऊ. बरोबर.” लिहून झालं तरी वही मिटेनात. “छाती ठीक ऱ्हाईल नव्हं?”

“डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पण ठाऊक नाही, हे आता आपल्या तिघांनाही ठाऊक आहे.”

पुढं जुलैत पेपरात आलं, की परदेशात ह्या गोळ्यांची मोठी तपासणी धोका दिसल्यामुळं मध्येच थांबवली. शंकररावांनी कात्रण वहीत माझ्या नंबरखाली चिकटवलं आणि महिनाभर भेटेल त्याला दाखवलं.

गाडी रद्द केली त्या संध्याकाळी मात्र मी कुकरला रिंग बसवली आणि डाळ लावली. तीन महिने खोक्यावर ताणून राहिलेली रिंग सैल झाली होती. शिट्टी काही होईना, झाकणाच्या चारी बाजूंनी वाफ सुटली. मी पंचा घेऊन धावले.

शंकररावांनी घड्याळात बघितलं आणि वहीत लिहिलं: ‘१९.१० वाफ. कुकर.’