हातभर जागा

शेजारचे सिंधी काका टीव्ही बघत बसले होते. देशाने किती निर्वासितांना घ्यावं, यावर टीव्हीवरचे चौघे तावातावाने भांडत होते आणि मागच्या चित्रात कुंपणापाशी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. फाळणीत काकाही असेच आले. छावणीच्या बराकीत घर म्हणजे गोणपाटाचे पडदे. नवं कुटुंब आलं की सगळे आपापला पडदा हातभर आत घ्यायचे, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

"बस झालं आता. जागा कुठाय?" काका म्हणाले.

यांनीच दार लावलं, तर त्या बाईने जगात कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

मी दारातच उभा राहिलो.

"उभा का? बस की," म्हणत, बाकीचा सगळा सोफा रिकामा असताना, काका सवयीने हातभर सरकले.