फक्कीच्या रेघा

मैदानावर मारलेल्या पांढऱ्या फक्कीचा वास आला की पन्नास वर्षांनीही माझ्या पोटात दुखतं. तेव्हा मंगळवार पेठेत होणाऱ्या मंगल कार्यालयाचा नकाशा मी महिनाभर टेबलावर घासत होतो. माझ्याबरोबरच्या आर्किटेक्टनं मात्र त्याच कार्यालयाचा आपला नकाशा मोकळ्या मैदानात फक्कीनं खऱ्या मापानं आखला आणि पेठेतल्या बायकांना लग्नाला आल्यासारखं चालायला सांगितलं. दाराच्या नुसत्या रेघेशी त्यांनी चपलांचा ढीग केला, तसं त्यानं रेघ पायानं पुसून दार रुंद केलं. त्या बायकांत माझी आईही होती. आमच्या साहेबांसमोर ती मोठ्यानं म्हणाली, "हितनं पंगतीला सरळ जाता येतंय की." साहेबांनी माझ्या नकाशाची गुंडाळी सोडलीसुद्धा नाही, त्याचाच नकाशा पक्का केला. परवा त्याच कार्यालयात एका लग्नात मी हट्टानं दुसरीकडून निघालो, तर गर्दीनं ढकलत ढकलत मला त्या आर्किटेक्टनं आखलेल्या वाटेनंच पंगतीला नेऊन बसवलं.